रेनीचा जांभळा कोपरा

रेनाटा वांटा ही माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला तिच्याबद्दल वाकडं बोलायचं असेल त्याने बोलायच्या आधी माझ्याकडे एकदा नीट बघून घ्यावं. मी हायस्कूल कसंबसं ढकललं, कारण पुस्तकांपेक्षा बटाट्यांना माझी जास्त गरज होती. रेनी मात्र शिकत गेली, शिकतच गेली, आणि शेवटी विस्कॉन्सिनच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायला बसली. वांटांच्या सात पिढ्यांत नकाशा काढणारं कुणी झालं नव्हतं. रस्ता चुकल्यावर कुणाला विचारणारंही झालं नव्हतं, ते सोडा.

लहानपणापासून तिचं तंत्र निराळं. आम्ही पोरं बटाट्याच्या सऱ्यांतून किडे वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचो. ही एखादं कुरतडलेलं पान धरून बसायची. कोण खातं, कधी खातं, पोट भरल्यावर कुठे जातं. बाबा म्हणायचे, "क्लेम, हिच्या वाटणीचे किडे पण तूच वेच." मी वेचले. म्हणून आज ती साहेबीण आहे. हे मी तिला दर नाताळात सांगतो, आणि ती दर नाताळात मान डोलावते.

तिचं काम ऐकलंत तर हसाल. आमचा सगळा गाव हसला होता. कुठल्या शेतावर कुठलं औषध फवारलं जाऊ शकतं, त्याचा नकाशा करायचा. फवारलंय असं नाही हां, फवारलं जाऊ शकतं. ते सगळं लाल. जिथे एखादा नामशेष व्हायला टेकलेला जीव राहतो, ते निळं. लालावर निळं चढलं की जांभळं, आणि जांभळ्यात विमानाने फवारणी बंद. किती सोपं! एवढ्यासाठी सरकारला चार मजली इमारत लागते.

कुठे काय पेरलंय ते उपग्रह वरून बघतो. उपग्रह फार हुशार प्राणी. त्याने सेंट हेडविग चर्चची दफनभूमी बघितली आणि अल्फाल्फाचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं शेत म्हणून लावून टाकली. झालं, आमचे बाबा मेल्यावर लाल रंगात गेले. क्रॅनबेरीचे वाफे त्याला दलदल वाटले. कचेरीतले बाकीचे लोक म्हणाले, थोडं मागेपुढे चालायचंच. रेनीला चालेना. ती गाडी घेऊन निघायची, एकेका शेताच्या कडेला उतरायची, आणि प्रत्येक कुत्र्याकडून भुंकून घ्यायची. कुत्रं थांबलं की मालक सुरू.

अशी हिंडता हिंडता ती अँब्रोजमामाच्या कोपऱ्यावर आली. अँब्रोज क्लुक म्हणजे आमच्या आईचा भाऊ. त्याच्या बटाट्याच्या कोपऱ्यावर, रस्त्याला लागून, एक लाकडी क्रूस आहे. पोलंडहून आलेल्या म्हाताऱ्यांनी असे क्रूस रस्तोरस्ती रोवून ठेवलेत. रीत अशी की ज्याच्या जमिनीवर क्रूस, त्याने भोवतालचं गवत कापून जागा कशी लख्ख ठेवायची. मामाची पाठ धरल्यापासून त्याने ही रीत देवावर सोडली होती. देवाने तिथे गवत कापलं नाही, ल्युपिन लावलं. निळ्या तुऱ्यांचं रानटी झुडूप, रेताड जमिनीत माजणारं. कार्नर नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू असतं, त्याची अळी ल्युपिनशिवाय दुसरं काही तोंडात धरत नाही. आमच्या अख्ख्या भागातून ते नाहीसं झालं होतं, आणि इथे मामाच्या आळसावर एक अख्खी जात तग धरून होती. जूनचा महिना, अळ्या पानापानांवर.

रेनी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. वहिनीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "कुणाला भेटायला जातेस गं?" तर लाजली. चाळीशी ओलांडलेली बाई, अळ्यांवरून लाजली!

पण नुसतं तिने बघून भागत नव्हतं. नियम असा की दुसऱ्या अधिकाऱ्याने येऊन डोळ्यांनी बघायचं, तेव्हा निळा रंग पक्का. नाहीतर पुसायचा. त्या दुसऱ्या अधिकारी, ओडेगार्डबाई, शनिवारी सकाळी येणार होत्या, आणि मामाचं फवारणीचं विमान पण शनिवारी सकाळीच. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मामा वळला नाही, तर बाईंनी बघायला काही उरणार नव्हतं.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळे तळलेले मासे खायला जमतात. रेनीने नकाशा भिंतीला लावला आणि बोलायला उभी राहिली. मासे गरम असताना आमच्या लोकांना कुणी काही सांगू नये, पण तिला कोण सांगणार.

"म्हणजे मी फवारलं नाही तरी लाल?" मामा म्हणाला.

"फवारू शकतोस म्हणून लाल, मामा."

"उद्या म्हणशील अँब्रोज बँक लुटू शकतो. हात आहेत, बँक आहे, करा लाल!"

सगळं तळघर खदखदलं. स्टॅश लिटर्स्की, म्हणजे मामाचा रस्त्यापलीकडचा शेजारी, सगळ्यात मोठ्याने हसला. "अँब्रोज, तुला बँकेपर्यंत चालत जाता येईल का, ते आधी बघ!"

"रेनी, खरं सांग," मामा तापला, "एका किड्यापायी माझा बटाटा सडू द्यायचा?"

"सगळं शेत फवार. कोपऱ्यालगतचा पट्टा तेवढा सोड."

"आणि करपा काय पट्टा बघून थांबतो?"

माझ्याकडे तिने बघितलं, पण मी माशात काटा शोधत होतो. ही तिची लढाई होती, आणि वांटांना मदत लागत नाही. मग ती म्हणाली, "मामा, मी या भागातला प्रत्येक क्रूस बघून आले. सगळीकडे शोधलं. ही फुलपाखरं फक्त तुझ्याकडे आहेत."

मामाचा घास थांबला. "लिटर्स्कीच्या क्रुसापाशी?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मामाने लिटर्स्कीकडे असं बघितलं की जणू पोपने लिटर्स्कीला सोडून आत्ताच याला निवडलं. "स्टॅश, ऐकलंस? तुझ्याकडे एकही नाही."

"मला नकोच आहेत!"

"नकोत म्हणे! मिळत नाहीत म्हणून नकोत!" मामाने तिथेच फोन काढून वैमानिकाला सांगितलं, कोपऱ्याचा पट्टा सोड, इथे सरकारी फुलपाखरं आहेत. मग रेनीला विचारलं, "त्या बाई कधी येणार म्हणालीस?"

"उद्या सकाळी."

"आपल्या क्रुसाला बघायला?"

"अळ्यांना बघायला, मामा."

पण मामा उठला होता. चेरी-पाय, म्हणजे जेवणानंतरचं गोड, ताटात तसंच टाकून गेला. अँब्रोज क्लुकने गोड टाकून उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. रेनी त्या रात्री आमच्याकडे झोपली आणि खूप दिवसांनी घोरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओडेगार्डबाईंना घेऊन कोपऱ्यावर पोचलो. क्रूस पांढराफेक. पायथ्याशी जिरेनियमच्या फुलांच्या कुंड्या. आणि भोवतालची जमीन नुकत्याच भरती झालेल्या शिपायाच्या डोक्यासारखी भादरलेली. बाजूला गवत कापायचं यंत्र, आणि त्याला टेकून रविवारच्या सुटात मामा.

"पाठ मोडली, पण म्हटलं सरकार येतंय," तो म्हणाला. "कसं दिसतंय?"

वैरी होता तोवर मामाने काही बिघडवलं नव्हतं.

रेनी पुढे झाली. कापलेल्या ढिगाऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि एकेक देठ उचलून बघायला लागली.

"काय हरवलं गं?"

"तुझी फुलपाखरं."

"ती उडतात ना! गवत कापलं तर उडणाऱ्याला काय होतंय?"

"ती अजून उडायला लागली नाहीत, मामा."

मामाचा चेहरा त्या क्रुसापेक्षा पांढरा झाला. रेनी शोधत राहिली. मधूनच मनगटाने डोळे पुसायची आणि पुन्हा शोधायची. मग ती थांबली. एका मलूल पानाला काचेसारखे पारदर्शक चट्टे होते, अळीने खरवडलेले. पानाखाली दोन मुंग्या, या अळ्यांच्या राखणदार, घोटाळत होत्या, आणि मुंग्यांच्या मधोमध हिरवी, भाताच्या दाण्याहून जरा मोठी अळी. जिवंत. ओडेगार्डबाईंनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "निळं राहील."

"पण उन्हात हे देठ वाळले की संपलं," रेनी म्हणाली. तिकडे नाल्याच्या उतारावर यंत्र कलंडेल म्हणून मामाने थोडं ल्युपिन सोडलं होतं. "सगळ्या तिकडे न्यायला हव्यात."

मामा लगेच वाकला. ओडेगार्डबाई ओरडल्या, "हात लावू नका! अळी उचलायला परवाना लागतो!"

"आणि कापायला?"

बाईंनी भिंग पुसायला घेतलं.

मग आमच्या रेनीने, जिच्याकडे परवाना आहे, एकेक देठ उचलून उतारावर न्यायला सुरुवात केली. मामा आणि मी रांगत रांगत नुसतं शोधायचं, बोटाने दाखवायचं. विमान आलं, शेताच्या त्या टोकाकडून फवारत आलं, आणि पट्ट्याच्या आधीच वर उचललं गेलं. मामाने मानही वर केली नाही. "रेनी, इथे एक! रेनी, इथे अजून एक, ही बघ लबाड!" सुटाच्या गुडघ्यांना हिरवे डाग.

लिटर्स्कीने ट्रक थांबवला, काच खाली केली, आणि बराच वेळ बघत राहिला. "अँब्रोज! सकाळी सकाळी कुणाची माफी मागतोयस रे?"

"गप बस!" मामा जमिनीवरूनच खेकसला. "आणि उतरणार असशील, तर पाय कुठे ठेवतोस ते बघ!"

लिटर्स्की उतरला. पाय बघून बघून ठेवत आला.