लिंबावरची टाकी

सत्तावन्न साल असेल. पवनेकाठचे मळेकरी मोटा सोडून डिझेलच्या इंजिनांना लागले होते आणि इंजिनं बिघडली की चिंचवडात मीरासाहेब मिस्त्रींच्या दारात येत होती. दारात कडुलिंब, लिंबाला लोखंडी आकडा, आकड्याला डिझेलची टाकी. दुरुस्त झालेलं इंजिन खाली ठेवायचं, टाकीची नळी जोडायची आणि चालवून दाखवायचं. मळ्यातल्या इंजिनाची टाकी त्याच्या डोक्यावरच असते. त्यामुळे लिंबाखाली चाललेलं इंजिन मळ्यात चालणारच, ही मिस्त्रींची हमी होती, आणि आजवर ती खोटी ठरली नव्हती.

ती खोटी ठरवली रेवदंड्याच्या सोनबा नाखव्यानं. त्याचा मेहुणा पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या शब्दावर सोनबानं आपल्या होडीचं इंजिन सुकटीच्या ट्रकमधून इथवर आणलं. मिस्त्रींनी फिल्टर धुतले, नोझल साफ केलं, लिंबाखाली दिवसभर चालवलं. होडीत बसवलं तर खाडीबाहेर पडताच पाव तासात बंद. वैशाखात पुन्हा आणलं. पुन्हा लिंबाखाली गुणी बाळ, पुन्हा समुद्रात मुडदूस.

आता श्रावणात इंजिन तिसऱ्यांदा आलं होतं. या खेपेला सोनबानं होडीतली टाकी आणि तांब्याची नळीसुद्धा उपटून आणली होती. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती.

"मिस्त्री, पुनवेला सगळ्या होड्या भाईर पडणार," तो म्हणाला. "माजी परत मदीच बसली, तं इंजिन काढून शीडच लावतो. भाऊबंद तसंबी हसतातच."

"नाखवा, हसू दे. समुद्राची हवाच इंजिनाला बाधत असणार." मिस्त्रींनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, म्हणून त्याच्यावर आळ घ्यायला सोपं होतं. बोलता बोलता त्यांनी सोनबाची नळी बाजूला ठेवली आणि सवयीनं आकड्यावरची टाकी जोडायला घेतली.

सोनबानं विडी पेटवली. "मिस्त्री, एक इचारू? माज्या होडीत लिंबाचं झाड नाय."

"म्हणजे?"

"टाकी तळाला, फळीखाली असती. इंजिन वर. पंप खालनं डिझेल ओढतो."

मिस्त्रींचा हात थांबला. दारात कांदा चिरत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, कमरुन्निसाबींनी, मान वर केली नाही, पण चिरणं थांबलं. "दोन खेपा झाल्या," त्या कांद्यालाच म्हणाल्या, "टाकी कुठं असती ते कुणी विचारलं नाही वाटतं."

चूक कबूल करायला मिस्त्रींना वेळ लागला नाही. फक्त ती त्यांनी इंजिनाकडे तोंड करून कबूल केली. मग कुदळ घेऊन खड्डा खणला, सोनबाची टाकी त्यात ठेवली, त्याचीच नळी जोडली. इंजिन सुरू झालं, दहा-बारा मिनिटं चाललं, दोन आचके दिले आणि बसलं. सोनबाला इतका आनंद झाला की त्यानं मिस्त्रींना विडी देऊ केली. दुखणं तिसऱ्या खेपेला का होईना, वैद्यासमोर आलं होतं.

मिस्त्रींनी फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. डिझेलऐवजी फेस आला. म्हणजे नळी वाटेत कुठंतरी हवा ओढत होती. पण सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं तर बोट कोरडं. फुटक्या नळीतून डिझेल बाहेर येतं हे मिस्त्रींना ठाऊक. इथं ओढ आत होती, बाहेर काय येणार?

त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग लिंबाकडे. आकड्यावरची आपली टाकी उतरवली आणि सोनबाची टाकी, नळी इंजिनाला जोडलेलीच ठेवून, तिथं टांगली.

"परत झाडावर?" सोनबा म्हणाला.

"इंजिन चालवायचं नाही आता. ओढ नाही, नुसता वरून भार. बी, चिमूटभर ज्वारीचं पीठ द्या."

"पिठानं इंजिन चालतं का आता?"

"तुमच्या हातचं असलं तर चालेल."

नळीच्या प्रत्येक जोडावर त्यांनी कोरडं पीठ भुरभुरलं आणि तिघं बघत बसली. बाकी सगळीकडे पीठ पांढरं राहिलं. फिल्टरजवळच्या नटाखाली, जिथं कथलाचा डाक देऊन नळीचं टोक सांधलं होतं, तिथं मात्र एक पिवळसर ठिपका उमटला आणि हळूहळू पसरला. होडीच्या हादऱ्यानं डाकाला केसाएवढी चीर गेली होती.

मिस्त्रींनी नळी काढून नवा डाक दिला. टाकी पुन्हा खड्ड्यात, हवा काढली, हँडल मारलं. इंजिन दिवस कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत न थांबता चाललं. सोनबा त्याच्या आवाजात खाटेवर गाढ झोपला, आणि इंजिन बंद केल्यावरच दचकून जागा झाला.

पौर्णिमेनंतर आठवड्यानं ट्रकवाला सुक्या बोंबलांचं पोतं टाकून गेला. निरोप एवढाच: होडी गेली आणि न थांबता परत आली, आता मिस्त्रींनी समुद्र बघायला यावं, झाड आणू नये.

मिस्त्री त्या वेळी भोसरीच्या एका मळेकऱ्याला विचारत होते, "टाकी वर का खाली?" मळेकरी म्हणाला, "वरच की, दुसरी कुठं असती?" तरी मिस्त्रींनी दोनदा विचारून घेतलं. कमरुन्निसाबींनी तोवर आकड्यावरची टाकी उतरवली होती आणि मांजर पोचू नये म्हणून बोंबलांचं पोतं तिथं टांगलं होतं.