पंखाखालचं अंग

सहदेव भोईर कळव्याचे. मुलांच्या मासिकांसाठी राक्षस, पऱ्या आणि उडते घोडे रंगवण्यात त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली. मासिकं एकेक करून बंद पडली, पोस्टर कलरच्या बाटल्या वाळल्या. मग त्यांच्या मुलीने, शिवानीने, टॅब्लेट आणून दिला. हळूहळू काचेवर हात बसला आणि ठाण्याच्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओने त्यांना पंखवाला अजगर काढायला सांगितलं. तो पसंत पडला तर पुढची कामं मिळतील, नाहीतर चित्रं कायमची बंद, असं सहदेवांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला, गोदाला, ते न सांगताच कळलं होतं.

चित्र पाठवलं. दुपारी स्टुडिओतल्या भावनाचा फोन आला.

"काका, अजगर एक नंबर! पण सगळं एकाच लेयरवर, म्हणजे एकाच थरावर रंगवलंत."

"कागद एकच असतो ना, बाळ."

"अहो, हा हलणार आहे. मी पंख कापून उचलला, तर खाली भोक!"

सहदेवांनी इतके पंख रंगवले, पण त्यांच्याखाली काय असतं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. झाकलेलं कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात गेले आणि एका कोंबडीचा पंख बोटाने वर करून वाकून बघू लागले.

"काका, घ्यायचीय की हिचं लग्न जमवायचंय?" दुकानदार ओरडला.

घरी हे ऐकून गोदा म्हणाली, "एवढं बघितलंत, मग आणली का नाही?"

पण त्यांना हवं ते दिसलं होतं. तिथली कातडी पातळ, फिकट, सुरकुतलेली. मधेच विरळ, मऊ पिसं. पंख वेगळ्या लेयरवर घेऊन ते उघड्या जागेत अंग रंगवू लागले. आधी खवले काढले, मग पुसून टाकले. एवढ्या भयंकर जनावराचीही एखादी जागा नाजूक असणारच, असं त्यांना वाटलं.

भावनाने हलतं चित्र पाठवलं. अजगराने पंख उचलला आणि ती फिकट जागा क्षणभर दिसली.

"अगं बाई," गोदा मोबाइलवर वाकली, "याला इथे थंडी वाजत असेल हो."

खाली भावनाचा निरोप होता. पुढचे प्राणीही काकांकडेच द्यायचं ठरलं होतं.

सहदेवांनी चष्मा पुसला आणि अजगराला पुन्हा एकदा पंख उचलायला लावला.