आठ ते नऊ लाईन बंद

तिला सगळे टाचणी म्हणत. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक आरसा आणि पडद्याआड कपडे बदलण्यापुरती जागा. पॅन्टची लांबी कमी कर, झिप बदल, लग्नानंतर सुटलेल्या पोटासाठी शिवण उसवून दे, असली कामं. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बाई दात न उघडता बोलायची. आणि टाचण्या काढल्या की जे बोलायची ते जास्त टोचायचं. जिभेला हाडच नाही! पण मनाने वाईट नव्हे हो, अजिबात नव्हे.

तिचा एकुलता एक मुलगा नोकरी गेल्यापासून खोलीचं दार लावून बसला होता. आधी वाटलं, चार दिवस जातील, सावरेल. मग वर्ष गेलं, मग तिने मोजणंच सोडलं. रात्री ताट दारात ठेवायचं आणि सकाळी रिकामं उचलायचं, एवढाच काय तो मायलेकरांचा व्यवहार. आतून मात्र त्याचं हसणं ऐकू यायचं. कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या लोकांशी तो खेळायचा आणि खदखदून हसायचा. जगाला हसू आणि आईला एक शब्द नाही! दार वाजवून तिने केव्हाच हात टेकले होते. हेडफोनमध्ये दार ऐकू येतंय होय!

एकदा त्यांच्या घरी लाईन जोडणारा नेटवाला पॅन्ट घेऊन आला. त्याचे पाय मापता मापता तिने त्याला हे सगळं सांगून टाकलं.

"मावशी, राउटरमध्ये वेळेचा नियम लावता येतो," तो म्हणाला. "रोज ठरल्या वेळेला लाईन बंद, ठरल्या वेळेला चालू. एकदा लावला की आपोआप. लोक शाळेतल्या पोरांसाठी लावून घेतात."

"माझं पोर तिशीचं आहे रे."

"राउटरच्या डब्याला कुठं वय कळतंय!"

संध्याकाळी तो घरी आला. कपाटावरच्या राउटरपाशी उभं राहून त्याने मोबाईलवरच नियम लावला. रात्री आठ ते नऊ बंद. आठवड्याच्या सगळ्या वारांवर खुणा केल्या आणि विचारलं, "कधीपर्यंत ठेवू?" ती म्हणाली, "कधीपर्यंत म्हणजे? जेवण काय आठवडाभरच करतात?"

आठला डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. तिने दोन ताटं वाढली होती, आणि जीव नुसता टांगणीला. थोड्या वेळाने दार उघडलं.

"आई, नेट गेलंय का?"

"गेलं असेल बाबा, मला काय कळतंय त्यातलं. बस, गरम आहे."

आणि तो बसला! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण समोर बसून जेवला. दुसऱ्या दिवशीही आला. हळूहळू बोलायला लागला. नळ गळत होता, तो त्याने दुरुस्त केला. एकदा तिने एका जाड्या गिऱ्हाइकाची नक्कल केली तर तो हसला, तेच हसू, पण या वेळी तिच्यासमोर. "कंपनी फालतू आहे," तो म्हणायचा, "रोज जेवायच्या वेळेलाच लाईन जाते." ती खाली मान घालून म्हणायची, "मेल्यांना लाज नाही." त्या दिवसांत गिऱ्हाइकांना वाटलं, बाईला झालंय काय, रागावतच नाही!

मग एका दुपारी सगळ्या भागातली वीज गेली. संध्याकाळी ती दुकानातून आली, तोवर वीज परत आली होती. आठला तिने दोन ताटं वाढली. दिवा हिरवाच, पण तिचे डोळे दाराकडे. दार उघडलं नाही. आतून हसणं येत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नियमबियम तिच्या डोक्यातच आला नाही. आला तो राग. कंटाळला आपल्याला, चार दिवस आईची कीव आली आणि संपली. तिने ताट पुन्हा दारात ठेवायला सुरुवात केली. त्यात रोज संध्याकाळी घरी यावं तर त्याची खुर्ची टेबलापासून ओढलेली, पाण्याचा अर्धा पेला तसाच ठेवलेला. एके दिवशी ती दारावर थाप मारून ओरडली, "दिवसभर लोळायचं आणि वर खुर्च्या मी सरकवायच्या? घराची धर्मशाळा केलीस! निदान मी घरी नसताना तरी बाहेर पसारा मांडू नकोस!"

नेमकं तेच त्याने ऐकलं.

पुढे नेटवाला दुसरी पॅन्ट घेऊन आला, तेव्हा "चार दिवस जेवला आणि पुन्हा दार लावून बसला" म्हणत तिने त्याच्यावरच तोंड सोडलं. तो तिच्याबरोबर घरी आला, डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, वीज गेली तेव्हा याचं घड्याळ पुसलं गेलं. वीज परत आली ती वेळ याने रात्रीचे बारा धरली. याचे रात्रीचे आठ आता भरदुपारी वाजतात. रोज दुपारी तासभर लाईन बंद पडतेय."

तिने टेबलाकडे पाहिलं. ओढलेली खुर्ची, अर्धा पेला पाणी. रोज दुपारी तो बाहेर येऊन बसत होता, आणि ती दुकानात लोकांच्या पॅन्ट टाचत होती.

"आता घड्याळ लावलंय," नेटवाला म्हणाला. "आता चुकायचं नाही."

त्या रात्री आठला दिवा लाल झाला. तिने दोन ताटं वाढली आणि खुर्ची स्वतःच्या हाताने बाहेर ओढून ठेवली. दार उघडलं नाही. आत तो कुणाशी तरी बोलत होता. लाईन बंद, मग बोलतोय कसा? तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेवटी दार चारच बोटं उघडलं.

"नेट गेलंय," ती म्हणाली. "ये ना जेवायला."

"माझं चालू आहे. मोबाईलचं पॅक घेतलं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "लाईन रोज दुपारी जायची. बाहेर येऊन बसायचो, पण तू नसायचीस. मग तू म्हणालीस, बाहेर पसारा नको."

"अरे, ते मी..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती एकत्र जेवणंसुद्धा तिनेच दिवा लाल करून मिळवली होती. ते ऐकल्यावर त्याच्याजवळ काय उरलं असतं?

"ताट इथेच ठेव, आई," तो म्हणाला आणि दार लागलं.

तिने ताट ठेवलं. परत येऊन खुर्ची आत सरकवली. कपाटावरचा दिवा नऊ वाजेपर्यंत लाल होता.