आतून ओढलेली फांदी

या ग्रुपवर मी फक्त वाचते, कमेंटसुद्धा करत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात भूमजवळ मामाच्या शेतात मी आणि माझी नऊ वर्षांची बहीण स्वरा टेंट लावून राहिलो होतो. शेताला लागूनच डोंगर. मामा खाली विहिरीजवळच्या खोलीत झोपणार होता. शेजारच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्या मेंढ्यांचे धनगर, बापू, संध्याकाळी आमच्याकडे आले.

“पोरी, चारी बाजूनं बोरीच्या काट्या लावून घे. डोंगरात अस्वल आलंय म्हनत्यात.”

“बापू, खायचं सगळं मी लांब लिंबाच्या झाडाला टांगलंय. अस्वल वासावर येतं. आणि काट्यांनी टेंट फाटेल.”

मामा हसला. “बापू, आमची भाची मोबाइलवर बघून अस्वलाची डॉक्टर झालीय!”

“मंग डाक्टरीनबाईला आमी काय सांगावं?” असं म्हणून बापू गेले.

आम्ही नऊलाच झोपलो. मध्ये एकदाही जाग आली नाही.

तांबडं फुटताना मी झिप उघडली, तर टेंटभोवती कमरेइतकं, बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. पूर्ण गोल, कुठेही फट नाही. बाहेर नांगरलेल्या मातीत ठसे होते – माणसाच्या तळव्यासारखे, पण पुढे लांब नख्या. कुंपणाला फेऱ्या मारलेल्या. एका जागी माती उकरलेली... बरोबर स्वराच्या उशीसमोर.

स्वराच्या जॅकेटच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू निघाला. मला सगळे नियम पाठ होते, पण तिचे खिसे मी तपासलेच नव्हते. मी मामाला फोन लावला.

मामा बापूंना घेऊन धावत आला.

“एवढं कधी केलंस गं?”

“मी नाही केलं.”

बापू कुंपणाभोवती फिरले. मग थांबले.

“दार कुनी लावलं?”

मला कळलंच नाही. त्यांनी एका फांदीकडे बोट दाखवलं. “आमी समदं लावून झालं की आत येतो आन् शेवटची काटी आतनं वढून घेतो. तिचं बूड आत ऱ्हातं. बघ की, समद्यांची बुडं भाएर हायती, हिचंच आत.”

ते बूड टेंटच्या दारापासून हातभर अंतरावर होतं. मी माझे तळहात पाहिले, स्वराचे पाहिले. एक ओरखडासुद्धा नव्हता.

वनरक्षक दुपारी येऊन गेले. ठसे अस्वलाचेच, वाट चुकून आलं असेल, म्हणाले. म्हणजे अस्वलाचं उत्तर मिळालं. कुंपणाचं आजपर्यंत मिळालेलं नाही. बापूंनी मेंढ्यांची शपथ घेतली, मामाने माझी.

सकाळची एक गोष्ट मात्र मी घरी सांगितलेली नाही. बापूंनी ती फांदी बाजूला केली, तशी मी स्वराला घेऊन निघाले. त्यांनी हात आडवा धरला.

“थांब जरा. आत कोन ऱ्हायलं आसंल, त्याला आदी जाऊ दे.”

मला काहीच दिसलं नाही. तरी मी स्वराला जवळ ओढलं आणि बाजूला सरकून वाट दिली.