उजव्या बाजूचा स्पीकर

रविवार, १९९७च्या दिवाळीआधीचा. सकाळचे दहा. हजर: सासूबाई, हे, धाकटे भाऊजी, आठवीतली मुलगी आणि मी. गैरहजर कोणी नाही. विषय: स्टिरिओचा कोणता भाग आधी बदलायचा.

असं मी वहीत लिहिलं होतं. आमच्याकडे वहीत न लिहिलेला निर्णय आठवड्यात सगळे विसरत, आणि मग प्रत्येकाला तो वेगळाच आठवे.

स्टिरिओ सासऱ्यांच्या वेळचा. तबकड्या वाजवायचं टर्नटेबल, जड अँप्लिफायर, कॅसेट डेक आणि कापडी जाळीचे दोन लाकडी स्पीकर, प्रत्येक माझ्या कमरेएवढा. सासरे गेल्यावर यांनी तो जपला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हे प्रेस शॉपला होते. सहा दिवस पत्र्यावर हातोडा पडल्यासारखा आवाज ऐकायचा आणि सातव्या दिवशी आंघोळ करून सतारीची तबकडी लावायची. तोवर अलकापुरीतल्या दुकानांत तीन-तीन सीडी गिळणारी, निळे दिवे लावलेली परदेशी यंत्रं आली होती. आम्ही ठरवलं होतं, जुना संच काढायचा नाही, दर दिवाळीला एक भाग नवा घ्यायचा. म्हणून पहिला कोणता, हा प्रश्न.

"उजवा स्पीकर," हे म्हणाले. "मेलाय तो. वरचे सूर येतच नाहीत."

"दादा, स्पीकर मरत नाही, अँप्लिफायर मरतो," भाऊजी म्हणाले. भाऊजी रेल्वेत सिग्नलला होते, त्यामुळे तारा असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क होता. "आधी अँप्लिफायर. पछी बीजुं बधुं." म्हणजे बाकी सगळं नंतर; इथं राहून आमच्या बोलण्यात गुजराती मुरली होती.

"सीडी प्लेअर," मुलगी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"सुई बदला," सासूबाई म्हणाल्या. "ते असते तर आधी सुई बघितली असती. आणि तू रे धाकट्या, मोठा डाह्यो शहाणा, दिवाणखान्याचा पंखा दुरुस्त करतो म्हणून उघडून ठेवलायस तो आधी बसव."

चार माणसं, चार मतं. मी पेन्सिलीने रकाने आखले.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर होते. तिथली रीत सोपी. दोष आपल्या लाइनमध्ये आहे की गिऱ्हाइकाच्या घरात, हे आधी ठरवायचं. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष जागचा हलतो का ते बघायचं. हलला तर बदललेल्या वस्तूत दोष. नाही हलला तर ती वस्तू चांगली, पुढची घ्या. या रीतीने मी रोज तीस-चाळीस तक्रारी निकालात काढायचे. स्टिरिओत असं काय वेगळं होतं?

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला स्टिरिओची चिंता नव्हती. गेले काही महिने यांच्या काही गोष्टी मी बघत होते, आणि त्यांना कुठल्या रकान्यात घालावं ते मला कळत नव्हतं. फोन आला की हे रिसीव्हर नेहमी डाव्या कानाला लावत. डाव्या कुशीवर झोपले की गजराने उठत नसत, मला हलवावं लागे. नवरात्रात मी स्कूटरवर यांच्या मागे बसले होते, तेव्हा उजवीकडून टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि यांनी स्कूटर तशीच त्याच्या अंगावर वळवली. मी ओरडले म्हणून वाचलो. "काय झालं?" त्यांनी विचारलं. हॉर्नबद्दल एक शब्द नाही. मी तेव्हा स्वतःला सांगितलं, लक्ष नसेल.

यांची आरामखुर्ची दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये होती. डावा स्पीकर कपाटाशी, उजवा खिडकीशी. मी तबकडी लावायला सांगितली आणि यांना डोळे मिटायला लावले.

"मंद बाजू कुठली?"

"खिडकीकडची. सांगितलं ना."

भाऊजींनी अँप्लिफायरच्या मागच्या तारांची अदलाबदल केली. अँप्लिफायरची एक बाजू गेली असती, तर दोष आता कपाटाकडे जायला हवा होता.

"आता?"

"खिडकीकडचीच."

मी लिहिलं: अँप्लिफायर ठीक. सुईही ठीक, कारण सुईतला दोषही तारांबरोबर पलीकडे गेला असता. सासूबाई खट्टू झाल्या, भाऊजी त्याहून.

"म्हणजे स्पीकरच," हे डोळे न उघडता म्हणाले. "मी म्हटलं होतं."

"थांबा."

भाऊजींनी आणि मी दोन्ही स्पीकर उचलून जागा बदलल्या. खिडकीकडचा कपाटाशी, कपाटाकडचा खिडकीशी.

"आता?"

"खिडकीकडची."

"अरे दादा, आता तिकडे चांगला स्पीकर आहे!" भाऊजी हसले. मुलगीही हसली. मी तिला खुर्चीत बसवलं. तिला दोन्ही बाजू सारख्या. मी बसले, मलाही सारख्या. भाऊजी बसले आणि म्हणाले, "एकदम बरोबर छे. दादा, सीडीच घे तू."

"पडदा," हे म्हणाले. "खिडकीला जाड पडदा आहे. आवाज तो खातो." यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा घाईचा.

पडद्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोलीचा दोष असू शकतो. पण मग तो आम्हाला तिघांना का नाही? वहीत बदललेल्या सगळ्या वस्तूंवर खूण झाली होती. न बदललेली एकच राहिली होती. रीत माझीच होती, आणि ती पुढे काय सांगते ते मला दिसत होतं. तिथेच वही मिटायला हवी होती असं मला नंतर अनेकदा वाटलं.

"जरा खुर्ची फिरवून बसा," मी म्हणाले. "भिंतीकडे तोंड. स्पीकरांकडे पाठ."

"रुसल्यासारखा बसवतेस का त्याला?" सासूबाई म्हणाल्या.

दोष खोलीचा असता, तर खिडकीशीच राहिला असता. हे भिंतीकडे तोंड करून बसले. आता खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती, कपाट उजव्या. सतार चालू होती. मला यांची फक्त मान दिसत होती.

"मंद बाजू?"

त्यांनी हात वर केला आणि कपाटाकडे दाखवला.

सगळे मोठ्याने हसले. भाऊजी म्हणाले, "भूत आहे, खुर्चीबरोबर फिरतंय!" मुलगी टाळ्या वाजवायला लागली. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि पुढे सरकत नव्हती. हे वळले. त्यांनी डोळे उघडून आधी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"स्पीकर घेऊ," ते म्हणाले. "दोन्ही घेऊ. लिही."

जेवणं झाल्यावर ते स्वयंपाकघरात आले. नेहमीप्रमाणे माझ्या उजवीकडे उभे राहिले, डावा कान माझ्याकडे. त्या दिवसापर्यंत मी ही त्यांची सवय समजत होते.

"लिहिलंस?"

"काय?"

"जे कळलं ते."

"नाही."

"लिहू नकोस. तुझी वही सगळे वाचतात."

"अहो, डॉक्टरला तरी दाखवू. काही उपाय असेल."

"डॉक्टर कागद देतो. कागद कंपनीत पोहोचतो." त्यांचा आवाज खाली आला. "प्रेस शॉपमधून दोघांना काढलं ना, स्वेच्छानिवृत्ती म्हणून? स्वेच्छा कसली! तपासणीत कान नापास झाले त्यांचे. मुलगी आठवीत आहे."

"मग तुमची तपासणी?"

"काचेच्या खोलीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. तो आवाज सोडायच्या आधी काचेपलीकडचे तपासणारे मान खाली घालतात. मान हलली की मी दाबतो." ते थोडं हसले. "तीन वर्षं पास आहे."

तीन वर्षं. मी नळ सुरू केला आणि भांडी घासायला लागले.

दिवाळीत नवे स्पीकर आले. संचातली जी वस्तू चांगली होती, ती आम्ही आधी बदलली. शेजारी ऐकायला आले, भाऊजींनी तारा जोडल्या, सासूबाईंनी स्पीकरांना कुंकू लावलं. यांनी मध्ये बसून डोळे मिटले आणि म्हणाले, "सारूं छे. आता दोन्ही सारखे." मी सगळ्यांबरोबर मान हलवली. खोटं बोलायला मला एक शब्दही खर्च करावा लागला नाही.

मी मात्र वहीत एक ओळ लिहिली होती: उजवी बाजू दाखवणे. कोणी वाचली तरी स्पीकरची वाटेल अशी. त्या आठवड्यात मी एक्स्चेंजमधून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, हे गेले नाहीत. पुढे पुन्हा घेतली, तेव्हा शिफ्ट बदलली म्हणाले. माझ्या वहीत न झालेलं काम पुढच्या पानावर उतरवायची पद्धत आहे. ती ओळ मी किती पानं उतरवली, मोजलेलं नाही. मुलगी इंजिनिअर झाली, कारखान्याला कुलूप लागलं, हे बिनकागदाचे घरी आले. मग डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतात?" उजव्या कानात तेव्हा काहीच उरलं नव्हतं. मी ओळीवर रेघ मारली.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. परवाच्या रविवारी यांनी तबकडी लावली, खुर्चीत बसले आणि जरा वेळाने मला हाक मारली.

"अगं, हा कपाटाकडचा स्पीकर मंद वाटतोय का तुला? सुई बदलायला झाली असेल."

कपाट त्यांच्या डाव्या हाताला आहे. मी कान देऊन ऐकलं. सतार स्वच्छ वाजत होती.

"बघते," मी म्हणाले, आणि वहीत लिहिलं: खुर्ची फिरवून बघणे.

आज गुरुवार. अजून फिरवलेली नाही.