मंजुळाच्या दारातली जीटी

मंजुळाचं त्या गाडीशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही. माहेरच्या बेटम्याहून पाठवणी झाली ती हिच्यातच. हिरवी एमजीबी जीटी, विलायती, दोन दारांची. पुढे सासरे धोंडिबा चालवायला, बाजूला नवरदेव बुद्धरत्न, आणि मागे, जिथे माणूस सोडा, दोन उशा धड बसत नाहीत, तिथे नवरीला कोंबलेली. इंदूरला उतरली तेव्हा पाय सुन्न. उंबऱ्याशीच धपकन बसली. गल्लीला आजपण आठवलं की हसू येतं.

धोंडिबा महूला फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते. कुण्या साहेबाने ही गाडी विलायतेहून आणली, धोंडिबांनी तिला लेकरासारखं सांभाळलं, मग साहेब नोकरी संपवून गेले तेव्हा किल्ली आणि कागद दोन्ही त्यांच्या हातात ठेवून गेले. जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, लांबच्या सफरीची गाडी. धोंडिबांची लांबची सफर काय, तर इंदूर ते महू. ती पण वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या जुलूसात. बाकी वर्षभर गाडी मंजुळाच्या आंगणात.

आंगण कसलं, गाडीचंच घर ते. पाव्हणे आले की पोट आत घेऊन, भिंतीला घासत घरात शिरणार. गहू निवडायचे तर किचनमध्ये. प्रत्येक चांगल्या साडीला ग्रीस. सासरे गेले तर नवऱ्याने तेच सुरू केलं. रविवार आला की हा गाडीखाली, फक्त पाय बाहेर.

"अहो, माझी कंबर दुखते तर कधी विचारलं नाही. आणि हिच्याखाली अर्धा दिवस!"

"तू बोलून दाखवतेस ना. हिचं ऐकावं लागतं, यार."

मग रोड चौडा होणार अशी खबर आली. मापवाले आले आणि बैठकीच्या भिंतीला लागून लाल निशाण मारून गेले. पूर्ण आंगण जाणार. बुद्धरत्न दोन घास कमी जेवला. मंजुळा मात्र मनातून खुश. चला, आता तरी पीडा जाईल! तिने मुलाला, ज्ञानदीपला, सांगितलं, "टाक फोनवर. विकायची म्हणून टाक."

बस, तिथून डोक्याला ताप सुरू. लोक आले, पण घ्यायला कोण आलं? एक जण होणाऱ्या बायकोला घेऊन आला, बॉनेटला टेकून फोटो काढले आणि "सोचके बताते भिया" म्हणत गेला. एक जण म्हणे, "सीएनजी किट लागेल का? आणि मागे किती सवारी बसतील?"

"मागे मी बसले होते," मंजुळा म्हणाली. "माझी कंबर पाहा आणि ठरवा."

एकाला छत कापून वरातीसाठी भाड्याने द्यायची होती. बुद्धरत्नने त्याला चहा पण विचारला नाही. आणि प्रत्येकासाठी पोहे करायचे कुणी? मंजुळाने. तिकडे आंगण तोडायचं मशीन सोमवारी येणार, इकडे गाडी तशीच, आणि नवरा प्रत्येक गिऱ्हाइकात खोट काढतो. मंजुळाचं डोकं फाटायची वेळ आली.

शनिवारी सकाळी देवांश आला. विजयनगरचा, जुन्या गाड्यांचा खरा शौकीन. फोटो नाही, सीएनजी नाही. खाली वाकला, इंजिन एका चावीत लागलं तर लहान पोरासारखा हसला, कान देऊन आवाज ऐकत राहिला. म्हणाला, "काका, हिला मी चालवणार. शोपीस नाही बनवणार." बुद्धरत्नचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. मंजुळाने पोह्यांवर सेव जास्त घातली.

मग देवांशने बॉनेटवर हात फिरवला आणि थांबला. हिरव्या पत्र्यात चार भोकं होती, त्यात रबराची बुचं.

"हे काय?"

"जुलूसात बाबासाहेबांचा फोटो असतो ना," बुद्धरत्न म्हणाला, "त्याचा स्टँड स्क्रूने कसायला. भोकं वडिलांनी पाडली. आधी सुतळीने बांधायचे, एका वर्षी वळणावर फोटो कलला. त्यांना सहन नाही झालं."

"अरे यार! ओरिजिनल ॲल्युमिनियमचं बॉनेट! कोणत्या अडाण्याने..." देवांशने जीभ चावली, पण शब्द तर बाहेर पडला होता. घाईघाईत पुढे म्हणाला, "वांधा नाही काका. हे भंगारात देऊ, विलायतेहून नवं मागवतो."

बुद्धरत्नने एक बूच अंगठ्याने दाबून बसवलं. बोलली मंजुळा. धोंडिबांना तीस वर्षं याच गाडीवरून मनातल्या मनात शिव्या देणारी मंजुळा.

"ठेवा ती पोह्यांची प्लेट."

"काकू, माझा तसा..."

"अडाणी म्हणायचं तर मी म्हणेन. मी सून आहे, मी भोगलंय. तुम्ही कोण? ज्या पत्र्यावर बाबासाहेब महूपर्यंत गेले, तो भंगारात? जय भीम. निघा."

पोरगा वाईट नव्हता. दोनदा माफी मागून गेला. ज्ञानदीपने कपाळावर हात मारला. "आई, एकच धड गिऱ्हाईक होतं! परवा मशीन येतंय. गाडी कुठे ठेवू, डोक्यावर?"

 मंजुळाला स्वतःचाच राग आला, नवऱ्याचा आला, सासऱ्यांचा तर आलाच. आंगणात दोन चकरा मारल्या. मग बैठकीच्या भिंतीकडे पाहिलं.

"पाडा ही."

"बैठक?" बुद्धरत्नला ठसका लागला.

"मग काय किचन पाडू? शटर लावा इथे. दीपू, दिवाण उचल आधी. उभे काय राहिलात दोघे?"

रविवारी दुपारपर्यंत भिंत खाली आली आणि गाडी ढकलत आत घेतली. घरात धूळ, वर पेट्रोलचा वास. आता पाव्हणे बसवायचे कुठे? बुद्धरत्न गाडीला टेकून गपचूप हसत होता.

"दात काढू नका," मंजुळा विटा उचलत ओरडली. "आणि तिला अजून सरकवा भिंतीकडे. मला पंख्याखाली गादी टाकायचीय."