खांद्यावरचा दिवा

मकाऊच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात लेओंग पुइलोकचा जन्म गेला, पण गल्ली त्याला ओळखायची ती बाकाराच्या टेबलावरचा शहाणा म्हणून. हा पत्त्यांचा खेळ तसा बाळबोध. 'बँक' आणि 'खेळाडू' असे दोन पक्ष, ज्याची पानं नवाच्या जवळ तो जिंकला, आणि आपण हव्या त्या बाजूवर लावायचं. यात डोकं चालवायला जागा कुठली? पण पुइलोक कुठली बाजू जिंकली ते दाखवणारे फलकावरचे लाल-निळे गोल बघत बसायचा आणि ऐकवायचा, "एकाच बाजूची माळ लागली की तो ड्रॅगन. ड्रॅगन चालू असताना उठतो तो गाढव."

दुसरा नियम याहून कडक. खेळणाऱ्याचं नशीब त्याच्या खांद्यावर दिव्यासारखं तेवतं. मागून हात लागला की ते विझतं. त्याची एकुलती एक लेक मेइफान लहानपणी नववर्षाच्या दिवशी खेळता खेळता मागून त्याच्या गळ्यात पडली होती. तो डाव गेला, आणि पोरीने वर्षभर टोमणे खाल्ले. बायको सियोलान म्हणायची, "दिवा तुमचा, अन् अंधार आमच्या वाट्याला."

सियोलानच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या दुपारी पुइलोकला दवाखान्याच्या बाकड्यावर बसवेना. तो उठून कॅसिनोत गेला. मनाशी एकच धरलं होतं: बँकेची माळ टिकली, तर सियोलान वाचली.

माळ लागली. तो पान कडेने हळूहळू वाकवून बघे, नको ते ठिपके उडून जावेत म्हणून फुंकर घाली, आणि बँक जिंके.

मग समोरच्या आरशात त्याला मेइफान दिसली. मागे उभी होती, दोन्ही हात छातीशी धरून. ती बोलवायला आलीय हे त्याला कळलं. एवढा डाव होऊ दे, तो मनात म्हणाला. आता उठलो आणि माळ तुटली तर? पुढच्या डावालाही तो हेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत आला आणि मागे गेला.

वाटायच्या पेटीतले पत्ते संपले, खेळ थांबला. ड्रॅगन शेवटपर्यंत अखंड राहिला होता. पुइलोक हसत वळला. "वाचली ना गं?"

"शुद्धीवर आली होती. तुम्हाला बघायचं म्हणत होती." मेइफानच्या हातात फोन होता. "मी आले तेव्हा होती, बाबा. आत्ता दवाखान्यातून फोन आला."

"मग मला हलवलं का नाहीस?"

"हलवलं असतं आणि तुम्ही हरला असतात, तर आई माझ्यामुळे गेली म्हणाला असतात."

तो म्हणालाच असता.

अंत्यविधीला तो सियोलानच्या फोटोसमोर धूप लावून बसला. लोक येत होते, वाकून जात होते. मेइफान मागेच उभी होती. जन्मात कधी नव्हता इतका तिचा हात त्याला हवा होता. मागता येईना, म्हणून त्याने खांदे जरासे मागे सरकवले. ती एक पाऊल मागे झाली, धक्का लागू नये म्हणून.